होडीचा पांढरा रंग

काजूला बोंडू धरले की आमच्या डोंगराला वास सुटतो. गोडसर, किंचित आंबूस, घशाशी येऊन बसणारा. पाहुण्यांना तो फार आवडतो. मी मात्र चैत्राच्या तोंडावर डोंगराकडच्या दोन्ही खिडक्या लावून घेते आणि कुणी विचारलं तर सर्दीचं निमित्त सांगते. आधी कुडाळला आणि आता इथे, चाळीस वर्षांत एवढी सर्दी कुणाला झाली नसेल, पण घरातल्यांनी आता विचारायचं सोडून दिलं आहे.

यंदा खिडक्या लावून भागलं नाही. पुण्याहून माझ्या भाच्याचा, निखिलचा फोन आला. घर आणि काजूची बाग आता त्याच्या नावावर आहे आणि निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं नवराबायको ती राखतो. माकडांनी यंदा नाकी नऊ आणलेत हे मीच त्याला कळवलं होतं. "आत्या, उपाय सापडलाय," तो म्हणाला आणि मोबाईलवर तीन फोटो पाठवले. तीन बंदुका. शहरात पोरं त्यांनी लुटुपुटूची लढाई खेळतात म्हणे. आत रंगाने भरलेल्या मऊ गोळ्या, अंगावर फुटल्या की डाग पडतो, बाकी काही नाही. माकडाला लागली की रंग उडतो, ते घाबरतं, कळप पळतो. "सगळ्यात स्वस्तातली, शिकाऊ माणसाची घ्यायची आहे. तू सांग कुठली. बाबा म्हणतात, तुला यातलं कळतं."

बाबा म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्या वर्षी तो पुण्याला शिकत होता, घरी नव्हता. त्याला पत्रातून कळलं होतं तेवढंच त्याच्या लक्षात आहे, की ताईने पिचकारी मारून माकडं पळवली. आमच्या घरात ती गोष्ट अजून कौतुकाने सांगतात.

मी निखिलला शाळेतल्यासारखं नीट सांगितलं. गॅसची नळकांडी लागणारी घेऊ नको, ती संपली की इथे भरून कोण देणार. हाताने ओढून दाब भरायची साधी घे, तिच्यात बिघडण्यासारखं कमी असतं. आतली रबराची कडी बघून घे, जादा दोन मागून घे. आमच्याकडे हवा दमट, गोळ्या फुगतील आणि नळीत अडकतील, तेव्हा त्या तांदळाच्या डब्यात ठेवायच्या. काम झालं की त्याच दिवशी नळी पुसायची, उद्यावर टाकायचं नाही. तो म्हणाला, "आत्या, तू तर एकदम तयार आहेस." मी फोन ठेवला. त्यातलं अर्धंअधिक मला एका माणसाने मालवणच्या बाजारात सांगितलं होतं, आणि त्यानेच सांगितलेली एक गोष्ट मी तेव्हा ऐकली नव्हती.

तेव्हा जिल्हा नुकता वेगळा झाला होता. मी बी.एड. करून कुडाळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते आणि जगातलं जवळजवळ सगळं मला कळतं अशी माझी खात्री होती. माझे बाबा हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, एका डोळ्यात मोतीबिंदू, हात थरथरणारे. आई सदा स्वयंपाकघरात. आणि यमुआत्या, बाबांची धाकटी बहीण.

आत्याला कोड होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ओठाच्या कडेला पांढरा ठिपका उमटला, मग हातांवर, कोपरापर्यंत. वेंगुर्ल्याच्या सासरच्यांनी तिला माहेरपणाला म्हणून ट्रंकेसकट आणून सोडलं आणि न्यायला कुणी आलंच नाही. नवऱ्याने दुसरं लग्न केलं. मला कळायला लागल्यापासून आत्या आमच्याकडेच होती. आम्ही तिला चांगलं वागवतो असं आम्हाला वाटे. तिचा कप वेगळा होता, स्टीलचा, कडेला पोचा आलेला. तो वेगळा ठेवा असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. तो वेगळाच होता, पाटा जसा कोपऱ्यातच असतो तसा. घरात कार्य निघालं की आत्या मागीलदारी नारळ खोवायला बसे, आणि ते तिला आवडतं असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

त्या साली लाल तोंडाच्या माकडांनी बाग डोक्यावर घेतली. पोटभर खाऊन गेली असती तर कुणी बोललं नसतं. बोंडू एक चावा घेऊन टाकायचा, बी झुडपात भिरकावायची, पुन्हा दुसरा. वर्षाची काजू डोळ्यांदेखत मातीत चालली होती. बंदुकीचं नाव बाबा काढू देत नसत, कारण माकड मारणं म्हणजे मारुतीचा अपराध. तेव्हा त्यांनी जुना उपाय काढला.

"एका माकडाक रंगवूचा," बाबा म्हणाले. "काव पातळ कालवची आणि एकाच्या आंगार उडवची. बाकीची तेका वळखनत नाय. भियान पळतत. ता त्यांच्या मागसून धावता, ती आणखी पळतत. आठ दिसांत कळाप डोंगराच्या पलीकडे."

काव म्हणजे तुळशीवृंदावनाला लावतात ती तांबडी माती. मी हसले. तपकिरी माकडावर तांबडी माती दिसणार काय, आणि दवात भिजली की राहणार काय. "धुवान जातली ती," मी म्हटलं.

"जाऊं दे. आमचे म्हातारे कावच लावीत," बाबा म्हणाले. का लावत, ते त्यांनाही सांगता आलं नाही. जे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे त्याचं कारण विचारलं आणि मिळालं नाही की आपण शहाणे ठरलो, असं त्या वयात वाटतं. मला वाटलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी मालवणला गेले. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर इस्माईलचाचांचं दुकान होतं. दोर, जाळ्यांचं सूत, खिळे, होड्यांचे रंग, आणि शिमग्याच्या उरलेल्या पिचकाऱ्या खुंटीला टांगलेल्या. चाचा बाबांना ओळखत.

"मास्तरांचा चेडू ना तू? शिमगो झालो, आणि आता पिचकारी?"

मी कारण सांगितलं. त्यांनी हसण्यावारी न नेता तीन पिचकाऱ्या काउंटरवर मांडल्या. प्लास्टिकची लाल त्यांनी स्वतःच बाजूला सारली, दोन दिवसांत फुटेल म्हणून. दुसरी बागायतदार औषध मारायला वापरतात ती मोठी, दोन हातांनी रेटायची. तिसरी पितळेची, हातभर लांब, कुणीतरी वापरून परत विकलेली.

"ही घे. शिकणाऱ्यान हलका हत्यार घेवचा. मोठ्यान हात दुखतलो आणि नेम चुकतलो." त्यांनी दांडा ओढून दाखवला. "आत चामड्याचो वायसर आसा. तेका खोबरेल पाजीत रव. सुको पडलो की हवा सुटता आणि रंग तुझ्याच हातार येता. काम झाला की लगेच रॉकेलान धुय आणि तोंड खाली करून टांग. रंग आत रवलो तर मेली समज."

मी मान डोलवली आणि पांढऱ्या रंगाचा छोटा डबा मागितला, होडीला लावतात तो.

"होडी घेतलात काय?"

"दाराक लावूचो आसा."

"दाराक ह्यो कित्याक? ह्यो खाऱ्या पाण्यात दोन दोन वर्सां रवता. एकदा लागलो की जाणा नाय," चाचा म्हणाले. "ज्या धुवचा आसता, तेका ह्यो लावू नको."

मला नेमका तसाच रंग हवा होता. येताना एसटीत डबा मांडीवर घेऊन मी आपल्या हुशारीवर खूश होते.

रंग रॉकेलमध्ये पातळ केला, फडक्यातून गाळला. सलग तीन दिवस सकाळी काजूच्या बुंध्याआड बसले. चौथ्या दिवशी कळपाचा मोठा नर वीस-बावीस फुटांवर आला, खालच्याच फांदीवर. मी दांडा रेटला. तो सराईत होता, त्याने अंग काढून घेतलं. मागे एक अर्धवट वाढीची मादी बोंडू खात बसली होती. सगळा रंग तिच्या डोक्यावर, खांद्यावर आणि पाठीवर गेला.

पुढचं सगळं बाबांनी सांगितलं तसंच झालं. ती ओरडत कळपाकडे धावली आणि तिला बघून कळप किंचाळत सुटला. लहान पिल्लं आईच्या पोटाला चिकटून वळून वळून बघत होती. ती जवळ गेली की सगळे झाड बदलत. संध्याकाळपर्यंत डोंगराच्या वरच्या अंगाला आवाज येत राहिला, दुसऱ्या दिवशी त्याही पलीकडून. रंग उडवल्याच्या पाचव्या दिवशी बाग शांत झाली. शेजारचे लोक पिचकारी बघायला आले. बाबांनी सगळ्यांना माझ्या रंगाची गोष्ट सांगितली, आणि मी ती न लाजता ऐकली. रॉकेलने धुऊन, वायसरला तेल पाजून मी पिचकारी पडवीत उलटी टांगली. त्या बाबतीत मी कसलीही कसूर केली नाही.

आठव्या दिवशी ती परत आली. एकटी. मागीलदारी कपडे धुवायच्या दगडावर बसली होती. रंग वाळून केसांच्या कडक जटा झाल्या होत्या, एका कानावर पापुद्रा होता, आणि पोट खपाटीला गेलं होतं. तिने झाडाकडे पाहिलं नाही, आमच्याकडेही नाही. नुसती बसून होती.

आत्या पेज घेऊन बाहेर आली होती. तिने खूप वेळ बघितलं.

"काव लावलंस नाय?" तिने मला विचारलं.

"काव दिसली नसती आत्या. धुवान गेली असती."

"धुवान जावकच होयी होती गो," आत्या म्हणाली. "आठ दिसांपुरतीच दिसूक होयी होती."

एवढंच. आवाज चढवला नाही. पण बाबांच्या म्हाताऱ्यांनी काव का वापरली ते मला तिथे, त्या दगडापाशी कळलं. आठ दिवसांत कळप लांब जातो, आठ दिवसांत काव धुऊन जाते, आणि मग ते जनावर आपल्या माणसांत परत जाऊ शकतं. त्या उपायात दया होती आणि तिला मी कच्चा रंग समजले होते. ज्या शिक्षिकेला जगातलं सगळं कळत होतं तिला पुढे काय करायचं ते कळेना.

आत्याने केलं. आधी लांबून भाताचे मुटके ठेवले. मग थोडे जवळ. बारा-तेरा दिवसांनी ती आत्याच्या हाताने खायला लागली. मग एका दुपारी आत्याने कोमट खोबरेल तिच्या पाठीवर चोळलं आणि शिवणाची कातर घेऊन रंगाची एक जट कापली. दिवसाला एक किंवा दोन, त्याहून जास्त ती कापू देत नसे. रोज चार वाजता ती दगडावर येऊन बसायची आणि आत्या हातातलं काम टाकून तिच्यापाशी जायची. "इलंस गो बाय," म्हणायची.

एकदा मी दाराआडून बघत होते. कापून झाल्यावर माकडीण आत्याकडे वळली. तिने आत्याचा हात ओढून घेतला आणि कोपराखालच्या पांढऱ्या डागाला नखांनी खरवडायला लागली. हळू, मन लावून, एकमेकांच्या अंगावरचं काढतात तसं. तिला तो रंग वाटला होता. आत्याने हात मागे घेतला नाही. "ता जावचा नाय गो बाय," ती म्हणाली आणि हसली. मला आठवत होतं तेव्हापासून त्या हाताला कुणी आपणहून हात लावलेला मी पाहिला नव्हता, मी स्वतःसुद्धा लावला नव्हता. मी दारातून मागे सरले.

पांढरं कमी होत चाललं. डोक्यावरचं गेलं, एका खांद्यावरचं गेलं. कातरलेल्या जागी भुरे केस उगवायला लागले. पाठीवरचं तेवढं राहिलं होतं. डोंगराच्या वरच्या अंगाला कधी कधी कळपाचा आवाज येई आणि ती कान टवकारून बसे. घरात बोलायला कुणी तयार नव्हतं, पण सगळे एकाच गोष्टीकडे डोळे लावून होतो. पाऊस लागायच्या आत ते तिला परत घेतील का? मी तर दर सोमवारी उपास धरला होता. विज्ञानाची शिक्षिका मी, पण धरला.

त्यातच मला बघायला सावंतवाडीहून माणसं यायचं ठरलं. आदल्या दिवशी बाबा आत्याला म्हणाले, "यमू, भगवतीची ओटी भरूची रवली हा. धामापुराक जावन ये. दोन दिस रव थंयसर काकूकडे."

आत्याने पिशवी आधीच भरून ठेवली होती. घरात कोड आहे हे पाहुण्यांना दिसलं तर मुलीचं जमत नाही, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी तिथेच उभी होते. "कशाला पाठवता तिला" हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते मी गिळलं. मला ते स्थळ हवं होतं.

निघताना आत्या म्हणाली, "चार वाजता तिका भात घाल. कातर लावू नको, तुका चावतली." मी हो म्हटलं.

पाहुणे तीनला आले. पुढच्या अंगणात, खळ्यात, माटवाच्या सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या. मी पोहे घेऊन गेले, खाली मान घालून बसले, प्रश्नांची उत्तरं दिली. चार कधी वाजले ते मला कळलं नाही असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. खरं तर पडवीतलं घड्याळ माझ्या समोरच होतं. नव्या साडीत उठून भाताचा मुटका घेऊन मागीलदारी जायची मला लाज वाटली.

भात मिळेना तेव्हा ती माणसांचे आवाज ऐकून घराला वळसा घालून पुढे आली. खळ्याच्या कडेला बसली. अर्धी भुरी, पाठ पांढरी, मधे मधे कातरलेली.

"अगोबाई," पाहुण्यांतल्या एक बाई म्हणाल्या, "हे कसलं माकड? कोड आल्यासारखं दिसतंय."

तो शब्द आमच्या खळ्यात पडला आणि बाबांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "हाकल गो तिका."

मी उठले आणि टाळी वाजवली. एकदाच, जोरात. फाटकापाशी शेजारचे दोन कुत्रे झोपलेले होते ते मी सकाळपासून बघत होते. ती डोंगराकडे पळाली असती तर वाचली असती. पण डोंगराकडे आमच्या खुर्च्या होत्या. ती खालच्या मोकळ्या शेतात पळाली, कुत्रे तिच्या मागे. भात कापून झालेलं, एक झाड नाही.

आवाज आला, मग थांबला. बाबांनी पाहुण्यांना सरबत घ्यायचा आग्रह केला. मी खाली बसले. मला भरतकाम येतं का असं कुणीतरी विचारलं आणि मी येतं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बाबांनी तिला काजूखाली पुरलं. माकडाला पुरताना ठेवतात तसा नारळ ठेवला, वर दोन फुलं. बाबांनी हातांची माती झटकली. "यमूक सांगा नको," ते म्हणाले. "मी सांगू शकणा नाय."

आत्या दुपारी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी मागीलदारी जाऊन आली. "खंय गेली?"

"कळपान घेतल्यान तिका," मी म्हटलं.

"खराच?"

तिथे थांबायला हवं होतं. पण खोटं बोलायला लागलं की माणूस ते सजवायला जातं. "एक म्हातारी माकडीण इली खाली," मी सांगत सुटले. "तिणा हिचो वास घेतल्यान. मगे बाजूक बसली आणि हिच्या डोक्यातल्या उवा काढूक लागली. पांढऱ्या पाठीर हात फिरवल्यान. मगे दोघी गेली."

आत्या दगडावर बसली. पदराने तोंड पुसलं. मी तिला इतकी आनंदी कधी पाहिली नव्हती आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

चार दिवसांनी सकाळी ती चांगलं लुगडं नेसून पडवीत आली. हातात पिशवी, पिशवीत नारळ आणि साखरेची पुडी. "वेंगुर्ल्याक सासू अंथरुणार आसा म्हणतत," ती बाबांना म्हणाली. "बघून येतंय."

एकवीस वर्षांनी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. आम्हा दोघांपैकी कुणीही एक वाक्य बोललं असतं तर ती थांबली असती. बोललो असतो तर खरं सांगावं लागलं असतं. आम्ही तिला एसटीपर्यंत पोचवायला गेलो.

संध्याकाळच्या गाडीने ती परत आली, दिवेलागणीच्या आधी. पिशवीत नारळ तसाच होता. साखरेची पुडीही.

"घराक कुलूप होता," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने तोच नारळ फोडला, खोवला आणि कालवणाला वाटला. मी जेवले. त्या जेवणाची चव मला आजही सांगता येईल, पण सांगणार नाही.

माझं लग्न वैशाखात त्याच स्थळाशी झालं. आत्या मागीलदारी नारळ खोवत होती. वर्षभराने ह्यांना तिच्याबद्दल कळलं तेव्हा हे चकित झाले. "कोड होतं म्हणून लपवलंत? आमच्या काकांना होतं की." आम्ही ज्यासाठी एवढं केलं ते असं निघालं. मी ह्यांच्यावरच चिडले, दोन दिवस बोलले नाही. चिडायला दुसरं कुणी हाताशी नव्हतं.

आत्या पुढे पुष्कळ वर्षं जगली. शेवटी शेवटी ती कुडाळला माझ्याकडेच होती. माझ्याच कपातून चहा प्यायची. मी तसं मुद्दाम करायचे आणि तिला ते मुद्दाम आहे हे कळायचं. एका दुपारी तिच्या पायांना तेल लावताना मी म्हटलं, "आत्या, ता माकड..."

"ठाऊक आसा माका," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"धामापुरासून इलंय त्याच दिसाक. काजीखाली माती उकरलेली, वर फुला. तां काय माका दिसणा नाय?"

माझा हात थांबला. "मगे वेंगुर्ल्याक कित्याक गेलंस?"

ती छताकडे बघत होती. "तू त्या म्हातारे माकडणीचा सांगलंस ना. पाठीर हात फिरवल्यान म्हणान. खोटा होता, पण ऐकान माका बरा वाटला. म्हटलंय, एकदा बघूया." मग तिने पाय पुढे केला. "लाव गो तेल. थांबलंस कित्या?"

निखिलचा परवा पुन्हा फोन आला. बंदूक मागवली आहे, हाताने दाब भरायची, तिन्हींतली सगळ्यात स्वस्त. पुढच्या आठवड्यात घेऊन येतो म्हणाला. मी त्याला एकच गोष्ट विचारली, रंग कशाने जातो?

"पाण्याने. सगळ्या गोळ्यांचा पाण्यानेच जातो, आत्या. तसेच बनवतात ते."

"नक्की?"

तो हसला. "अगं, पाकिटावर लिहिलंय."

पाकिटावर काय, होडीच्या डब्यावरही लिहिलेलं असतं, आणि तोंडाने सांगणाराही समोर उभा असतो. निखिल आला की पहिली गोळी मी माझ्याच हातावर फोडून घेणार आहे, कोपराच्या खाली. पांढऱ्या रंगाची असेल तर पांढरी. तो रंग रात्रभर तसाच वाळू देणार आहे आणि सकाळी मागीलदारच्या दगडावर बसून धुणार आहे. गेला, तर मग डोंगराकडच्या खिडक्या उघडायच्या.